खांद्यावरचा हात

माझ्याजवळ एक वही आहे. वही आपली म्हणायची. उघडून ठेवली तर अर्धी सतरंजी अडवते. पहिल्या पानावर मी लाल शाईने 'एकाहत्तरच्या लढाईचा चित्रमय इतिहास' असं लिहिलंय, आणि त्याखाली माझं नाव, इतिहासापेक्षा बोटभर मोठ्या अक्षरांत. तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो, डोणगावच्या शाळेत चित्रकला शिकवत होतो, आणि आपल्याइतकं डोकं गावात दुसऱ्या कुणाला नाही अशी माझी पक्की समजूत होती. त्या समजुतीचा भुर्दंड मला पडला नाही, एका म्हातारीला पडला. म्हणून हे लिहायला बसलोय.

लढाईला तोंड फुटलं ते डिसेंबरात. आमच्याकडे कापसाची वेचणी चालू होती. लढाई गावापासून इतकी लांब की तिचा आवाज येण्याचा प्रश्नच नव्हता. ती येत होती रेडिओवरून आणि एक दिवस शिळ्या वर्तमानपत्रांतून. तरी ग्रामपंचायतीने दिवेबंदी जाहीर केली. गावात रस्त्याचे दिवे मोजून सहा, त्यातले दोन आधीच गेलेले. उरलेल्या चारांवर काळे कागद गुंडाळले आणि सगळं गाव मोठी कामगिरी केल्यासारखं त्या खांबांखाली उभं राहून आभाळाकडे बघू लागलं.

मला मात्र वेगळंच खूळ लागलं. रेडिओचं बोलणं हवेत जातं, वर्तमानपत्र रद्दीत जातं. पण चित्रं नीट जमवून, लावून, खाली दोन ओळी लिहून ठेवली तर उद्याच्या पोरांना अख्खी मोहीम डोळ्यांनी दिसेल, असं मनात आलं. विचार वाईट नव्हता, हे मी आजही म्हणतो. वाईट होता तो मी.

शिंप्याकडून कापड बेतायचा जाड खाकी कागद आणला, गोणी शिवायच्या दाभणाने त्याची वही शिवली. घरी मैद्याची खळ शिजवली. खळीत चिमूटभर मोरचूद घातलं की झुरळं लागत नाहीत, हे मी पुस्तकं बांधणाऱ्या एका म्हाताऱ्याकडून शिकलो होतो. मग दाढीच्या ब्लेडचं अर्धं पातं घेऊन मी गावभर हिंडायला लागलो. वाचनालय, न्हाव्याचं दुकान, हॉटेल, जिथे वर्तमानपत्र तिथे मी. लोकांचं वाचून होईस्तोवर थांबायचो, पण नेहमीच नाही. कित्येकदा लोक पेपर उघडायचे तर मधोमध खिडकी. एकदा एक कास्तकार वाचनालयात तणतणत आला. रणगाड्याच्या पाठीमागच्या बाजूला कापसाचे भाव छापलेले होते आणि रणगाडा माझ्या वहीत जाऊन बसला होता. मी त्याला देशप्रेमावर चार शब्द ऐकवले. तो गरीब बिचारा खाली मान घालून निघून गेला.

चित्रं जमत गेली तशी एक गंमत लक्षात आली. एकाच पुलाचं चित्र तीन पेपरांत आलं होतं आणि तिन्हींत पुलाचं गाव वेगळं. मी त्यातलं सर्वांत भारदस्त वाटणारं नाव निवडलं. एका चित्रात जवान विहिरीवर पाणी पीत होते आणि कडेला घागर घेतलेली एक बाई उभी होती. चौकटीत बसेना म्हणून बाई कापली. पाणी कुठून येतंय ते आता चित्रात दिसत नाही. इतिहास असा लिहितात, असं तेव्हा मला वाटायचं.

शेवटचं पान मी गावासाठी राखून ठेवलं होतं. आमच्या गावचे चार जण फौजेत होते. पानाचे चार सारखे चौकोन आखले, वर लिहिलं, 'आपले जवान'. तिघांचे फोटो सहज मिळाले. तिघेही वर्दीत, एकटे, छाती काढून. त्यातला एक लंगरात स्वयंपाकी होता, पण फोटोपुरती त्याने कुणाची तरी बंदूक मागून घेतली होती. चौथ्याच्या घरी मात्र मला जावं लागलं.

चौथा बौद्धवाड्यातला. बाप लहानपणीच गेलेला. आईने मजुरी करून, कापूस वेचून पोराला मॅट्रिकपर्यंत शिकवलं आणि तो भरती झाला. मी माळ्याच्या घरचा, मळा त्यांच्या वस्तीला लागूनच. त्या बाईने आमच्या मळ्यात कांदे काढलेले मी लहानपणापासून पाहत आलो. तरी तिच्या घराच्या उंबऱ्याच्या आत मी त्या दिवशी पहिल्यांदा गेलो. सारवलेली खोली, समोरच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली एका चौकटीत एकच फोटो.

तो मेहकरच्या यात्रेत काढलेला होता. पोरगा फौजेत जायच्या आधीचा. पाठीमागे पडद्यावर रंगवलेला राजवाडा आणि तळं, समोर हे दोघं मायलेकरं. पोरगा पांढऱ्या सदऱ्यात, ताठ. आई त्याच्या डाव्या बाजूला उभी, डोक्यावरून पदर, आणि तिचा उजवा हात पोराच्या खांद्यावर. फोटोवाल्याने सांगितलं म्हणून ठेवलेला हात तो नव्हता. बोटं जरा घट्ट होती.

मी मावशी म्हणून हाक मारली आणि कशाला आलो ते सांगितलं. तिने आधी चहा ठेवला. पेपरात लढाईचं काय येतंय ते विचारलं. दिवाळीच्या आसपास पोराचं पत्र आलं होतं, त्यानंतर नव्हतं. मी म्हटलं, लढाईच्या धामधुमीत पत्रं मागेपुढे होतात. ती मान हलवत राहिली. चहा पिऊन झाल्यावर तिने चौकट खाली उतरवली, मागचे खिळे स्वतः वाकवले, फोटो काढून पदराने पुसला.

"एकच हाय गुरुजी," ती म्हणाली. "जपून नेजा, जपून आणजा."

जसाच्या तसा आणून देतो, असं मी म्हणालो. हे शब्द मला पक्के आठवतात, कारण पुढे ते मला बरेच दिवस टोचत राहिले.

घरी येऊन फोटो चौकोनावर ठेवला तर बसेना. तिघांचे फोटो उभट, हा आडवा. शिवाय लढाईच्या इतिहासात पदर घेतलेली बाई कशी चालेल? बाकीचे तिघे एकटे आणि हा एकटाच आईबरोबर, हे पानाला शोभत नव्हतं. मी पट्टी धरली आणि पातं ओढलं. एका ओढीत आई वेगळी झाली. खरं सांगतो, मला त्यात काही वाटलं नाही. इतक्या दिवसांत इतकी चित्रं कापली होती की हात सरावला होता.

अडचण एकच. आईचा हात पोराच्या खांद्यावर होता आणि खांदा कापल्याशिवाय तो निघत नव्हता. मनगटापासून पुढचा हात तसाच राहिला. मी म्हटलं, पांढऱ्या सदऱ्यासकट वरून खाकी रंग देऊन बुजवून टाकू, वर्दी वाटेल. रंग कालवलाही. पण तेवढ्यात जेवायची हाक आली, जेवून आलो तोवर रंग सुकला होता, पुन्हा कालवायचा कंटाळा केला. आळसाने माझ्या हातून आयुष्यात जी थोडी चांगली कामं झाली, त्यातलं हे एक. आईचा अर्धा तुकडा मी कंपासपेटीत ठेवून दिला.

लढाई पंधरवड्यात आटोपली. गावात पेढे वाटले, दिव्यांवरचे काळे कागद निघाले. एकेक करून तिघांची पत्रं आली. चौथ्याचं आलं नाही.

सव्वीस जानेवारीला शाळेत झेंडावंदन झाल्यावर मी वही मांडली. दोन बाकं जोडून, वर पांढरं धोतर अंथरून. गाव लोटलं. मी छडी घेऊन एकेक पान उलटत होतो आणि माझ्या तोंडून जणू तोफा सुटत होत्या. इथून आपली फौज घुसली, इथे पूल उडवला, इथे शत्रूने शस्त्रं खाली ठेवली. लोक माना हलवत होते. ज्या पुलाला तीन नावं होती त्यापाशी तर मी एवढा रंगलो की स्वतः तिथे होतो असं कुणालाही वाटावं.

शेवटचं पान उघडलं आणि बायकांच्या घोळक्यातून ती पुढे आली. धुतलेलं पांढरं लुगडं, पायात चपला नाहीत. वहीवर वाकली. आधी पोराचं तोंड बघितलं. मग तिचं बोट हळूहळू त्याच्या खांद्यापाशी आलं आणि तिथेच थांबलं. मी छडी खाली केली.

"हात माहा हाय," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, विचारल्यासारखी म्हणाली. "अन् मी कुठी गेली?"

सगळं गाव माझ्याकडे बघत होतं. मी आत धावलो, कंपासपेटीतून तिचा तुकडा आणला आणि तिच्या तळहातावर ठेवला. तिने तो पाहिला. त्या तुकड्यात ती होती, पदर होता, तळ्याचा अर्धा भाग होता, आणि तिचा हात मनगटाशी संपत होता. मागून एक म्हातारी म्हणाली, जित्या माणसाचा फोटो असा मधून कापत नसतात, तेही मायलेकरांचा, तेही लढाई चालू असताना. दुसरीने पदर तोंडाला लावला. पोराचं पत्र नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं, त्यामुळे पुढचं कुणी बोललं नाही आणि बोलायची गरजही नव्हती.

ती वळली आणि त्या म्हातारीला म्हणाली, "आमी शकुन-अपशकुन सोडून देल्ले बाई. कागद कापल्यानं मानूस कापल्या जात नाई."

मी पुढे होऊन म्हटलं, मावशी, मी आत्ता जोडून देतो, खळ आहे, पाच मिनिटांचं काम. ती पुन्हा वहीवर वाकली. डावीकडच्या पानावर रणगाडे होते, तोफा होत्या, धूर होता. उजवीकडे तिचा पोरगा. बराच वेळ बघून ती म्हणाली, "आता नोका जोडू. इथं या समद्या तोफा हायेत. हात राहू द्या त्याच्या खांद्यावर. तो आला म्हंजे जोडू."

आपला तुकडा पदराच्या टोकाला बांधून ती निघून गेली. नंतर कुणाचं वहीत लक्ष लागलं नाही. मुख्याध्यापकांनी माझं कौतुक करायचं ठरवलं होतं, तेही बहुतेक विसरले.

त्यानंतरचे दिवस मला आठवले की अजून कसंतरी होतं. मी शिकलेला. विज्ञानाच्या गोष्टी पोरांना सांगणारा, मांजर आडवं गेलं म्हणून थांबलेल्यांना हसणारा. आणि ती निरक्षर बाई, जिने शकुन-अपशकुन एका दिवशी दीक्षेबरोबर टाकून दिले ते दिले. पण रोज सकाळी पोस्टाच्या दारात येऊन उभा राहायचो तो मी. पोस्टमास्तर थैली फोडायचे, मी वाकून एकेक पत्ता बघायचो. पत्र नसलं की वाटायचं, झालं, आपल्या पात्याने झालं. रस्त्यात कुणी दोघं बोलत असली तरी मला वाटायचं माझ्याविषयीच बोलतात. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. मी चोरून एका देवळात नारळही फोडला. हे माझ्या बायकोला अजून ठाऊक नाही; आता वाचल्यावर कळेल.

ती मात्र रोज कामाला जात होती. आमच्याच मळ्यात कांद्याच्या वाफ्यात बसलेली दिसायची. मी जवळ गेलो की तीच विचारायची, जेवला का गुरुजी, तोंड काऊन सुकलं. मला वाटायचं तिने मला दोन शिव्या हासडाव्या. ती काही बोलत नव्हती आणि त्यामुळे माझं ओझं उतरत नव्हतं.

होळीच्या चार-पाच दिवस आधी पत्र आलं. पोस्टमास्तरांनी मला दाखवलं; फौजी डाकेचा शिक्का आणि अक्षर दुसऱ्याच कुणाचं. पत्र तिच्या नावाचं होतं, म्हणून ते फोडायचा हक्क मला नव्हता. मी पोस्टमनच्या मागोमाग मळ्यापर्यंत गेलो. तिने मातीचे हात लुगड्याला पुसले, पत्र घेतलं, उलटसुलट पाहिलं आणि माझ्यापुढे धरलं.

"वाचा," ती म्हणाली.

बौद्धवाड्यात वाचता येणारी दहा पोरं होती. तरी तिने मलाच वाचायला सांगितलं. मी बांधावर बसलो आणि फोडलं. पहिली ओळ वाचल्यावर मला रडू आलं, म्हणून ती मला दोनदा वाचावी लागली. पोरगा जिवंत होता. मांडीत छर्रे लागले होते, मग ताप भरला होता, दवाखान्यात बरेच दिवस शुद्ध-बेशुद्धीत होता. शेजारच्या खाटेवरच्या सोबत्याकडून त्याने हे पत्र लिहवून घेतलं होतं. आता बरा आहे, काठी घेऊन चालतो, उन्हाळ्यात सुट्टी मिळेल. ती ऐकत होती आणि मान खाली घालून वाफ्यातलं एक एक गवत उपटत होती.

पत्राच्या शेवटी दोन ओळी होत्या. यात्रेतल्या फोटोची एक प्रत त्याच्याजवळ होती. नदी ओलांडताना ती भिजून गेली, काही उरलं नाही. 'घरचा फोटो मात्र सांभाळून ठेव आई, आता तो एकच आहे.'

त्या ओळी मी वाचल्या. यात्रेतला तो पडदेवाला कुठला, कुठे गेला, कुणालाच ठाऊक नव्हतं. मी मेहकरला जाऊन चौकशी केलेली होती. तिने ते पत्र माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. तिन्ही वेळा मला त्या ओळी वाचाव्या लागल्या.

संध्याकाळी ती शाळेत आली, पत्राला उत्तर लिहवून घ्यायला. कांद्याचं काय, शेळीचं काय, कुणाचं लग्न ठरलं, सगळं तिने सांगितलं आणि मी लिहिलं. मग म्हणाली, "लिहा, फोटो गुरुजीजवळ हाय. नीट हाय."

मी लेखणी उचलली. म्हटलं, मावशी, तो नीट नाही. मी काय केलं ते मला लिहू द्या.

"तो तिकडं खाटेवर पडून हाय. त्याले काऊन घोर लावता?" ती म्हणाली. "लिहा, नीट हाय."

मी लिहिलं. आयुष्यात पुष्कळ खोटं बोललोय, पण दुसऱ्याने माझ्यावर पांघरूण घालत माझ्याच हातून लिहवून घेतलेलं खोटं ते एकच. कागदावर तिने अंगठा उठवला आणि निघून गेली. मी तिथे बाकावर बसून राहिलो आणि ठरवलं की पोरगा आला की त्याच दिवशी, त्याच्या समोर, दोन्ही तुकडे जोडून द्यायचे.

आता मी काय केलं ते सांगतो.

उन्हाळ्याच्या आधी तालुक्याचे एक साहेब शाळा तपासायला आले. त्यांना वही आवडली. बुलढाण्याला प्रदर्शन भरणार होतं, तिकडे पाठवा म्हणाले. मी हुरळून गेलो. पोरगा वैशाखात लंगडत लंगडत घरी आला तेव्हा वही बुलढाण्याला होती. मला एक प्रमाणपत्र मिळालं. त्याची सुट्टी संपली. वही दिवाळीनंतर परत आली, तोवर माझी बदली पार वरवट बकालला झाली होती. ट्रंकेत वही घातली आणि गेलो. पुढच्या सुट्टीत जाऊ, म्हटलं. पुढच्या सुट्टीत लग्न झालं. त्याच्या पुढच्या सुट्टीत पोर झालं. मग विसरलो. हा शब्द लिहायला जड जातो, पण दुसरा शब्द नाही.

आणि विसरलो तरी कसा? वरवटच्या शाळेत दर सव्वीस जानेवारीला मी ती वही मांडत होतो. शेवटच्या पानावर आलो की छडी त्या खांद्यावर ठेवायचो आणि आवाज जड करून सांगायचो, बाळांनो, हा हात बघा, हा एका आईचा हात आहे, रणांगणावरही तो आपल्या लेकराच्या खांद्यावर होता. बाया डोळे पुसायच्या. टाळ्या पडायच्या. ज्या हाताची मी चोरी केली होती, त्यावर मी वर्षानुवर्षं टाळ्या घेतल्या. मला माझी लाज वाटते, आणि ती वाटावीच.

पंधरा-सोळा वर्षं अशी गेली. एका सकाळी दारात एक माणूस उभा राहिला. केस पिकायला लागलेले, मिशी कोरलेली, एक पाय किंचित ओढत चालणारा, हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली चौकट. मी ओळखलं नाही. फोटोतल्या पोराला मी इतक्यांदा बघितलं होतं, पण दारातल्या माणसाला ओळखलं नाही. त्याने गावाचं नाव घेतलं आणि मी खाटेवरून उठून उभा राहिलो.

तो पेन्शनीवर आला होता. आई दोन महिन्यांपूर्वी गेली. म्हातारपणाने गेली, त्रास काढला नाही, शेवटपर्यंत हिंडती-फिरती होती. माझा पत्ता त्याने मेहकरला जुन्या शिक्षकांकडे विचारून काढला होता आणि तीन बसा बदलून आला होता. हे सगळं तो शांतपणे सांगत होता. मग त्याने वर्तमानपत्र सोडलं.

चौकटीत तिचा तुकडा होता. मधोमध नाही, जसा होता तसा एका कडेला लावलेला, आणि शेजारी तेवढीच कोरी जागा. काचेखाली पदर, अर्धं तळं, आणि मनगटाशी संपलेला हात. इतकी वर्षं तो असाच भिंतीवर होता.

"पावने यायचे," तो म्हणाला. "इचारायचे, फोटोत हात काऊन नाई. माय म्हनायची, हात लढाईवर गेला हाय. पोरगा आला, हात नाई आला अजून."

मी खाली बघत होतो. ती कधी रागाने म्हणायची का, असं मी विचारलं. नाही, म्हणाला, हसून म्हणायची. गुरुजी मोठ्या कामात असतील, आणून देतील, असं म्हणायची. प्रत्येक सुट्टीत तो म्हणे, मी जाऊन आणतो, आणि ती म्हणे, मागायला जाऊ नये, त्यांनी सांगितलं हाय जसाच्या तसा आणून देतो. आता ती नव्हती, म्हणून तो आला होता.

मी वही काढली. त्याने ती पहिल्या पानापासून पाहिली. तोफा, विमानं, सेनापती, शरण आलेल्यांच्या रांगा. कुठे थांबला नाही. एका पानावर फक्त नदीचं चित्र होतं, कमरेइतक्या पाण्यात बंदुका डोक्यावर धरलेले जवान. तिथे त्याने पान जरा धरून ठेवलं. मी विचारलं, ही तीच नदी का? माहीत नाही, म्हणाला, पाणी सगळीकडे असंच थंड होतं. मी कधीकाळी खाली लाल शाईत नदीचं नाव लिहिलं होतं. ते वाचून तो किंचित हसला.

शेवटचं पान आलं. मी म्हटलं, अख्खी वही घेऊन जा. तुझीच आहे, मी तिचा धनी नाही.

"बाकी काई नाई पाह्यजे गुरुजी," तो म्हणाला. "मायचा हात तेवढा द्या."

मोरचूद घातलेली खळ पक्की असते. मी ओलं फडकं पानामागे ठेवलं, वाफ दिली, पुन्हा फडकं ठेवलं. दुपार झाली. बायकोने दोघांची पानं वाढली, तो जेवला, पुन्हा माझ्या समोर येऊन बसला. कागद एक एक पदर सोडत होता. शेवटी तो सुटला. खांद्यावर त्या हातासकट सुटला, कुठे फाटला नाही. मी दोन्ही तुकडे एका जाड कागदावर शेजारी शेजारी ठेवले. मायलेकरं पुन्हा राजवाड्यापुढे उभी राहिली. पण माझ्या पात्याने मधला केसभर कागद खाल्ला होता; मनगट आणि हात यांच्यात एक बारीक पांढरी रेघ राहत होती. मी कुंचला घेतला. करड्या रंगाचे दोन थेंब, काम झालं असतं.

त्याने माझं मनगट धरलं. राहू द्या, म्हणाला, आईने जोडलेला फोटो बघितला असता तर तिलाही ही रेघ दिसलीच असती. मी कुंचला ठेवून दिला.

तो तीनच्या बसने गेला. चौकट त्याने मांडीवर धरली होती, वर टपावर टाकायला कंडक्टर म्हणत होता, त्याने ऐकलं नाही. मी घरी येऊन वही उघडली. शेवटच्या पानावर तीन जवान होते आणि चौथ्या चौकोनात खळीचा पिवळट डाग. ती जागा मी तशीच ठेवली आहे. पुढच्या सव्वीस जानेवारीला मी वही मांडली नाही, आणि त्यानंतरही नाही.

आमच्याकडे पाहुणा घरी पोचला की 'सुखरूप पोचलो' असं दोन ओळींचं कार्ड टाकायची रीत आहे. आठ दिवसांनी त्याचं कार्ड आलं. चौकट जुन्या जागी लावली, असं त्याने लिहिलं होतं, आणि खाली फक्त एवढंच: हात सुखरूप पोचला.